टोस्टवरचं नाव

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या दफनभूमीत आईला निरोप देऊन दोघं भावंडं तिच्या घरी परतली. नेव्हिलने कपाटातला इंग्रजी अक्षरांच्या आकाराच्या पास्त्याचा डबा फोडला. टोमॅटोच्या रसात बुडालेली ती अक्षरं बघून साठीचा तो घोडा मुसमुसू लागला.

"आई रोज टोस्टवर माझं नाव मांडायची गं!"

जनेट भडकलीच. "आई? ती मासळीच्या कारखान्यात असायची! नऊ वर्षांची मी डबे फोडायचे, बोटं कापून घ्यायचे, तुझं नाव मांडायचे. राबायचं मी आणि नाव आईचं! माझं नाव मांडलं का रे कुणी कधी?"

नेव्हिल वरमला. चमच्याने वेचून त्याने टोस्टवर जे, ए मांडले आणि अडला.

"जनेट, तुझ्या नावात एन एक की दोन?"