माझ्या काचेची खुळखुळ

मित्रांनो, आमच्या अमेरिकेतली हल्लीची कंट्री, म्हणजे ग्रामीण ढंगाची, गाणी तुम्ही ऐकली असतील, तर त्यांतला ट्रक तुम्हाला ठाऊक असेल. दुसऱ्या ओळीत तो हमखास येतो. चकचकीत, उंच चाकांचा, चिखलसुद्धा शोभून दिसेल असा. मी तो नव्हे. मी टेनेसीतल्या एका शेतघरामागे, अक्रोडाच्या झाडाखाली उभा असलेला जुना पिकअप ट्रक आहे. माझा रंग मूळचा बदामी होता, असं म्हणतात.

मिशिगनच्या कारखान्यातून मी बाहेर पडलो आणि व्हर्लन टॅकेट यांच्या घरी आलो. ते फिडल वाजवत. फिडल म्हणजे व्हायोलिनची गावाकडची बहीण. दर शनिवारी कुठे ना कुठे नाच असे. मागे वाद्यं आणि पुढे मांडीला मांडी लावून तीन वादक, असा मी डोंगर चढत असे. लोक फिडलची तारीफ करत, तेव्हा व्हर्लन माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "हा वेळेवर पोचला म्हणून!" तेवढ्या थापेवर मी वर्षभर पळायचो.

मग गाणी बदलली. फिडलला बोलावणं येईना, म्हणून मलाही येईना. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. उजव्या दाराच्या खाचेतलं रबर झिजलं आणि काच खिळखिळी झाली. "पुढच्या महिन्यात बसवू," असं व्हर्लन अकरा वर्षं म्हणत होते.

माझी बॅटरी आणि स्पीकर तेवढे नवे होते. ते बसवले त्यांच्या मुलीनं, रेलीननं. ती नॅशव्हिलच्या एका कंपनीसाठी गाणी लिहायची. तिथली रीत अशी, की सकाळी दहाची वेळ ठरवून दोघंतिघं खोलीत बसतात आणि गाणं लिहितात. तयार गाणं मग ट्रकमध्ये बसून ऐकतात, कारण ऐकणारी माणसंही ट्रकमध्येच ऐकतात. स्टुडिओतले भारी स्पीकर सगळ्याच गाण्यांना छान म्हणतात. ट्रक तोंडावर सांगतो. रेलीनचा हा स्पष्टवक्ता ट्रक म्हणजे मी.

त्या ऑक्टोबरात रेलीनचा चेहरा उतरलेला होता. महिनाअखेरपर्यंत तिचं एखादं गाणं कुणा गायकानं घेतलं नाही, तर कंपनी तिला नारळ देणार होती. शेवटच्या रविवारी ती गाणी लिहिण्यातला आपला जोडीदार टोबिन वीम्स याला घेऊन आली. टोबिनचे बूट इतके स्वच्छ होते, की कोंबड्याही थांबून बघत होत्या. व्हर्लनसह तिघं माझ्यात बसली आणि गाणं सुरू झालं.

"दोघं मिळून एक गाणं लिहिलंत?" व्हर्लन म्हणाले. "एवढे हात तर खुर्चीलासुद्धा लागत नाहीत. आणि या टाळ्या कोण वाजवतंय?"

"मशीन आहे, काका," टोबिन म्हणाला.

"म्हणजे मशीनला तरी आवडलं म्हणायचं! फिडल कुठाय?"

"काका, लोकप्रियतेच्या चार्टवरच्या पहिल्या दहा गाण्यांत एकातही फिडल नाही. लोकांना हेच आवडतं. लाखो लोक ऐकतात."

"लाखो लोक पेट्रोल पंपावरचं सँडविचही खातात, पोरा. त्याला कुणी स्वयंपाक म्हणतं का?"

"बाबा," रेलीन म्हणाली, "तुम्ही बँडमध्ये ड्रमवाला घेतलात, तेव्हा आजोबा काय म्हणाले होते?"

व्हर्लन खिडकीबाहेर बघू लागले. मी सांगतो, मित्रांनो. आजोबा माझ्याच सीटवर बसून म्हणाले होते, "ड्रम सर्कशीत शोभतो. हे कंट्री नव्हे." अगदी याच सुरात.

इतक्यात गाण्यातला खर्ज घुमला आणि माझी उजवी काच थरथरली. खुळ्-खट्, खुळ्-खट्. नेमकी तालावर! टोबिनची मान डोलू लागली. व्हर्लनचा पायही त्यांना न विचारता हलू लागला.

"हे वाजवणाऱ्याला हात आहे हं," ते पुटपुटले.

रेलीननं तिथूनच कंपनीच्या मॅक्सीनबाईंना फोनवर गाणं ऐकवलं. "उद्या घेऊन या," बाई म्हणाल्या. "बुधवारी गायक येतोय."

सोमवारी कंपनीत गाणं वाजलं, ते कोमट कॉफीसारखं.

"कालचा ठेका कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

रेलीननं टोबिनकडे पाहिलं. "तू घातला होतास ना?"

"मी? मला वाटलं तू!"

दोघं धावतपळत माझ्याकडे आली. पाहतात तर व्हर्लन हातात पाना घेऊन हसत उभे होते. रविवारी पाय हलला, जुने दिवस आठवले, आणि अकरा वर्षांनी त्यांनी सकाळीच नवं रबर बसवलं होतं.

"बघ कशी घट्ट झाली काच! आता वारासुद्धा शिरायचा नाही."

रेलीन मटकन पायरीवर बसली. टोबिननं रबर ओढून काढलं, गाणं पुन्हा लावलं, काच हलवली, दार आपटलं. नुसता ठणठणाट झाला, ताल काही येईना. माझी कुणी काळजी घ्यावी म्हणून मी इतकी वर्षं झुरलो होतो. ती घेतली गेली, आणि पोरीच्या पोटावर पाय आला. मला हॉर्न वाजवून रडावंसं वाटलं.

"बाबा, तो आवाज तुम्हाला आठवतो?"

"न आठवायला काय झालं? शेवटचा ठोका जरा मागे रेंगाळत होता."

ते घरात गेले आणि फिडल घेऊन आले. माझ्यात बसून त्यांनी सूर लावलाच नाही. फिडलच्या गजाचा मुठीकडचा भाग तारांवर आपटून ओढला. खुळ्-खट्. टोबिनचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं तिथेच माईक लावला. चौदा वेळा वाजवून झालं, मध्ये दोनदा कोंबडी ओरडली. पंधराव्या वेळी जमलं.

बुधवारी गायकानं गाणं घेतलं. रेलीनची कंपनीतली खोली राहिली. वसंत ऋतूत गाणं चार्टवर चौतिसावं आलं.

"चौतिसावं!" व्हर्लन कडाडले. "म्हणजे वर अजून तेहतीस रद्दी गाणी आहेत!" चार्टला जन्मभर नावं ठेवणारा हा माणूस आता दर आठवड्याला चार्ट बघतो.

परवा त्यांचा जुना बँजोवाला दोस्त, बर्ल हॅचर, माझ्यात बसला होता. रेडिओवर नेमकं हेच गाणं लागलं. बर्लनं नाक मुरडलं.

"काय ही हल्लीची गाणी, व्हर्लन! सगळा मशीनचा कारभार. ते खुळ्-खट् ऐक. वाद्य वाजवणारा एक माणूस नाही यात!"

व्हर्लनचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. ते म्हणाले, "बर्ल, गाणं संपेपर्यंत जरा गप्प बस."

मित्रांनो, माझीही एवढीच विनंती आहे. मत जरूर द्या, अगदी कडकडून भांडा. पण आधी गाणं संपू द्या. आणि दारी एखादं जुनं वाहन उभं असेल, तर त्याचं रबर अकरा वर्षं लांबवू नका. कोंबड्यांना बसायला दुसरी जागा मिळते.