दोनाचा आकडा

कारध्याची बायजाबाई भाताच्या रोवणीच्या टोळीची पुढारीण होती. पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंडी हातात आली की तिची बोटं मशीनसारखी चालायची. "ही बांधी आज उरकते," असं तिनं म्हटलं की दिवस मावळायच्या आत शेताचा तो तुकडा हिरवा दिसायचाच. होणार नसेल तर मालकाच्या तोंडावर नाही म्हणायची. तिचा नवरा गुलाब हे गावभर अशा तोऱ्यात सांगायचा, की रोवणी जणू त्यानंच केली.

त्या वर्षी ऐन आषाढात तिच्या आतड्याला पीळ पडला. नदी ओलांडून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि लगोलग पोट उघडून ऑपरेशन झालं. बेंबीच्या वर-खाली टाक्यांची लांब ओळ आली.

वॉर्डात स्वाती नावाची सिस्टर होती, पवनीची. ती प्रत्येक खाटेजवळ येऊन विचारायची, "मावशी, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"दोन," बायजाबाई सांगायची. सकाळी दोन, दुपारी दोन, टाके पुसताना मुठी आवळलेल्या असल्या तरी दोन.

शेजारच्या खाटेवरची ताराबाई आठाच्या खाली कधी उतरायची नाही. गुलाब तिच्या नवऱ्याला, श्यामरावला, वऱ्हांड्यात गाठून सांगायचा, "आमची बाई दोन सांगते, भाऊ. एवढं पोट फाडलं, तरी दोन! रोवणीचं हाड हाये ते."

श्यामराव बिचारा पाण्याची बाटली भरायला निघून जायचा. पण एका दुपारी ताराबाई सुईचं औषध घेऊन उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत चालत गेली आणि हसत परत आली. बायजाबाई मात्र कुशीवरही वळेना. श्वास वरच्यावर घ्यायची, खोकला आला की ओठ दाबून गिळायची. संध्याकाळी अंग तापलं.

डॉक्टरांनी छाती तपासली. "या खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत. छातीत कफ साचतो आहे. असंच राहिलं तर न्यूमोनिया होईल, मग सुट्टी विसरा."

डॉक्टर गेल्यावर स्वाती खाटेजवळ बसली. "मावशी, खरं सांगा. किती?"

"दोन."

"मग खोकून दाखवा."

बायजाबाईनं छताकडं पाहिलं.

"सिस्टर," गुलाब म्हणाला, "हे दोन नाही. सकाळपासून हिनं मले एक बोल लावला नाही. चहा आणला, गुमान पेली. दोन असते तर चार शिव्या भेटल्या असत्या."

"तुमी चूप बसा," बायजाबाई पुटपुटली. पण त्यात नेहमीची धार नव्हती.

"काहून लपवतेस, बायजे?" गुलाबनं विचारलं.

"जास्तीचा आकडा सांगितला का दवाखान्यात ठेवून घेतात. आषाढ चालू हाये. माझ्या बाया बांधावर बसून वाट पाहून राहिल्या."

स्वातीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "उलटं आहे, मावशी. दुखणं कळलं तर औषध बरोबर देता येतं. औषध लागू पडलं की खोकता येतं, चालता येतं. चालणाऱ्यालाच आम्ही घरी पाठवतो. बोला, किती लिहू?"

बायजाबाईनं विचार केला. "बरं, तीन लिवा."

"भाजीचा भाव करून राहिली का तू?" गुलाब वैतागला. मग त्यालाच काहीतरी सुचलं. तो उठला, खाटेच्या पायथ्याशी गेला आणि मालकासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बायजाबाई, उद्या नदीकडची बांधी घेता का?"

"काय नाटक लावलं?"

"विचारून राहिलो. घेता का? तुमच्या जबानीवर पाणी सोडतो बांधीत."

बायजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. कामाच्या बाबतीत ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती.

"नाही होत."

"अर्धी?"

"नाही होत, अश्वजितचे बाबा. एक पेंडी नाही उचलत. श्वास घेतला तरी पोट फाटते." डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळलं. "नऊ हाये. लिवून घे, बाई. नऊ."

गुलाबनं श्यामरावकडं पाहिलं. "ऐकलं का?" तो म्हणाला. छाती अजून पुढंच होती. "नऊ घेऊन दोन सांगत होती. अन् आता खरं बोलली. याले बी जिगर लागते."

डॉक्टरांना विचारून स्वातीनं औषध वाढवलं आणि ते आता ठरल्या वेळी, दुखणं चढायच्या आधीच द्यायचं ठरलं. औषध भिनल्यावर तिनं बायजाबाईच्या पोटावर उशी ठेवली. "दोन्ही हातांनी घट्ट धरा, मावशी. आता खोका."

पहिला खोकला मांजरीच्या शिंकेएवढा होता. दुसऱ्याला कफ सुटला. तिसऱ्याला ताराबाईनं खाटेवरून टाळी वाजवली. मग गुलाबच्या खांद्यावर हात ठेवून बायजाबाई उभी राहिली आणि दारापर्यंत गेली. श्यामरावानं बाजूला होऊन वाट दिली.

हळूहळू ताप उतरला. एका सकाळी गुलाबनं कॅन्टीनमधून चहा आणला. बायजाबाईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा चहा हाये का बांधीतलं गढूळ पाणी? एवढ्या वर्षांत तुमाले साधा चहा पारखून आणता आला नाही. अन् सदरा पाहा, कुत्र्यानं चघळल्यासारखा!"

गुलाब दारात धावला. "सिस्टर! दोन! या, लवकर या, आता खरोखरचे दोन!"

त्या वर्षी ती बांधावर बसून टोळीला हाका मारत राहिली. पुढच्या आषाढात चिखलात उतरली, आणि नंतरही बरीच वर्षं.

आता ती नाही. पण कारध्यात कुणी ऑपरेशन करून आलं की गुलाब भेटायला जातो. कसं आहे, असं विचारत नाही. घरच्यांना बाजूला घेऊन म्हणतो, "चहाले नावं ठेवली का यानं? नसंल ठेवली, तर डॉक्टरले सांगा. दुखून राहिलं हाये त्याले." मग बसतो आणि आपल्या बायजाची गोष्ट पहिल्यापासून सांगतो.