पोत्याच्या दोऱ्याचा मुकुट

"हळू ओढा, भिवरामावशी. साखर सांडली तर गाव माझ्या नावानं बोंब मारील," सोसायटीचे सेक्रेटरी राधाकिशन गोदामाच्या दारातून म्हणाले.

"पाच वर्सं झाली पोती उसवते, सेक्रेटरी. साखरंचा कण न्हाई सांडला की दोरा न्हाई तुटला."

भिवराबाईनं पोत्याच्या तोंडावरच्या शिवणीचं नेमकं टोक नखानं उचकटलं आणि ओढलं. सर्रकन सगळी शिवण उसवली. हातात आलेला पांढरा दोरा तिनं चार बोटांवर गुंडाळला आणि कनवटीला खोचला.

"एवढ्या दोऱ्याचं करता काय?"

"नातीला मुकुट विणते. संक्रांतीला बोरन्हाण हाय तिचं."

"पोरीला मुकुट? अन् तोबी साखर कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत?"

"कावून? कोपीतल्या पोरीला डोकं नसतं व्हय?"

राधाकिशन हसत हसत वजनकाट्याकडे वळले. भिवराबाईच्या तोंडी कुणी लागत नसे.

सत्याऐंशीची संक्रांत जवळ आली होती. शिरूर कासारच्या त्या भागात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, आणि दसरा होताच निम्मं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला गेलं होतं. मागं उरली म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि सहकारी सोसायटीचं रेशन दुकान. भिवराबाईनं स्वतः नवऱ्याच्या जोडीनं अठरा हंगाम ऊस तोडला होता. मग नवरा गेला आणि कंबरही गेली. तेव्हापासून ती सोसायटीत झाडलोट करी, धान्य निवडी. आता तिचा धर्मराज आणि सून तुळजा कारखान्यावर होती. निघताना तुळजाला आठवा महिना होता, पण ऊसतोडीला एकट्या गड्याला कोण घेतो? नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणार. दोघं मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब.

दिवाळीच्या पाडव्याला निरोप आला, मुलगी झाली. कोपीतच झाली, सुखरूप झाली. त्याच आठवड्यात राधाकिशनांच्या घरी, माहेरपणाला आलेल्या त्यांच्या लेकीला मुलगा झाला. त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, भिवराबाई कामात मदत करी. पाच वर्षांपूर्वी त्याच घरात तिनं पहिल्यांदा बोरन्हाण पाहिलं होतं. काळं झबलं घातलेलं थोरल्या नातवाचं गोरं गोमटं ध्यान, डोक्यावर हलव्याचा पांढराशुभ्र मुकुट, आणि वरून बोरं, चुरमुरे, उसाच्या गंडेऱ्या ओतल्यावर बाळाचं ते दचकणं आणि हसणं. पोरांनी लूट केली, भिवराबाईनं मागाहून अंगण झाडलं. झाडता झाडता तिनं मनाशी धरलं होतं, आपल्या घरात लेकरू आलं की त्याचंही असंच करायचं.

"महागाचा हलवा कशाला घेतेस?" नातीचं बोरन्हाण ठरल्यावर विमलबाई म्हणाल्या. "क्रोशाची सुई देते, वीण शिकवते. दोऱ्यात दाणे काढले की लांबून हलवाच वाटतो."

उसाची पात लागून लागून भिवराबाईची बोटं खडबडीत झाली होती. सुई धरताना ती आखडत. पहिले चार दिवस नुसती साखळी विणण्यात गेले. मग 'मुका खांब' या टाक्याच्या ओळी, वर पाच टोकं, टोकाटोकाला टपोरे दाणे.

"माप कशाचं घिऊ, बाई? मी तर लेकरू पाह्यलं न्हाई."

"अगं, आमचा हा आहे की! दोघं एकाच आठवड्यातली. याच्या डोक्याचं घे."

विमलबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं. अर्धा विणलेला मुकुट भिवराबाईनं त्याच्या डोक्यावर ठेवला. नेमका बसला. बाळ तोंडभर हसलं.

"राजा दिसतंय बघ!"

"माझीबी राणी दिसंल," भिवराबाई म्हणाली.

शेवटी रिकामं पोतं झटकून जी मूठभर साखर निघाली, तिचा तिनं पातळ पाक केला आणि मुकुट त्यात बुडवून पालथ्या तांब्यावर वाळवला. कसा ताठ उभा राहिला! मुंग्या लागू नयेत म्हणून तिनं तो हळदीच्या फडक्यात बांधला आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी आष्टीमार्गे एसटीनं कारखाना गाठला.

कारखान्याच्या मागच्या माळावर पाचटाच्या शंभरेक कोप्या होत्या. धर्मराज आणि तुळजा अजून उसाच्या फडातून यायची होती. अंधार पडता पडता दोघं आली. तुळजाच्या डोक्यावर जळणाचा भारा, पाठीला झोळी.

"आत्या, कधी आलाव?"

"आत्ताच. दे आधी माझ्याकडं तिला."

झोळीतून लेकरू हातात आलं तेव्हा भिवराबाईला वाटलं, कपडेच जास्त आहेत. पण प्रवासानं आपले हात बधिर झाले असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. गीता नाव ठेवलं होतं. डोळे मोठे, टकामका बघायची. रडत मात्र फारशी नव्हती.

"लई शाणी हाय," धर्मराज कौतुकानं म्हणाला. "दिसभर बांधावर झोळीत पडून ऱ्हाती, कुरकुर न्हाई."

संक्रांतीला दुपारनंतर फडाला सुट्टी मिळाली. शेजारपाजारच्या कोप्यांतल्या बायका जमल्या. उसाच्या गंडेऱ्यांना तोटा नव्हता, बोरं पोरांनी ओढ्याकाठून आणली होती. विमलबाईंनी दिलेलं काळं झबलं तुळजानं लेकीला घातलं. मग भिवराबाईनं हळदीचं फडकं सोडलं.

"आगं बया! हलव्याचा हाय का?"

"दोऱ्याचा हाय. मी इणलाय."

तिनं दोन्ही हातांनी मुकुट लेकराच्या डोक्यावर ठेवला आणि हात काढले. मुकुट कपाळावरून घसरला, डोळ्यांवरून, नाकावरून घसरला आणि गळ्यात जाऊन पडला.

बायका खळाळून हसल्या. "मुकुट न्हाई बाई, हार झाला!" सुंदरबाई नावाची शेजारीण ओरडली.

भिवराबाईही हसायला गेली. पण तिच्या डोळ्यांपुढं ते दुसरं डोकं आलं, एकाच आठवड्यातलं.

तुळजा हसली नव्हती. मान खाली घालून ती झबल्याची नाडी सारखी करत होती. "दूध पुरत न्हाई, आत्या," ती फक्त सासूला ऐकू येईल असं पुटपुटली. "पहाटंला पाजते ती एकदम दुपारी. मधी फडातून येऊच देत न्हाईत."

"काय म्हंती सून?" सुंदरबाईनं विचारलं.

"म्हंती, माप चुकलं," भिवराबाई मोठ्यानं म्हणाली. "माझंच चुकलं गं. म्हातारे डोळे. वता बोरं, वता, लेकरू ताटकळलंय."

बोरन्हाण झालं. बायका गेल्यावर तिनं कोमट पाणी मागितलं. पाकानं ताठ झालेला मुकुट त्यात भिजवून मऊ केला, मग टोकाटोकानं उसवला. जेवढा दोरा काढायचा तेवढा काढून पुन्हा विणायला घेतला. विणता विणता ती लेकाला म्हणाली, "धर्मराज, मुकादमाला बोलाव."

टोळी चालवणारा पंडित मुकादम आला. त्यानं भिवराबाईच्या हाताखाली दोन हंगाम काढले होते, तिला मान देई.

"पंडित, उद्याच्याला तुळजा लेकरू घिऊन गावाकडं जाती. विमलबाई बघतील, शिरूरला दवाखाना हाय. तिच्या जागी मी हाय."

"मावशी, तुमची कंबर धड न्हाई. मोळी उचलंल का?"

"तू मोजून घी. एक मोळी कमी पडली तर बोल."

"माय, कावून असं करती?" धर्मराज म्हणाला. "नातीला बघायला आलतीस ना तू?"

"बघितली की," ती म्हणाली.

सकाळी तुळजा एसटीत बसली. खिडकीतून तिनं लेकरू दाखवलं. मुकुट आता डोक्यावर बसला होता. त्याची टोकं भिवराबाईला वळणापर्यंत दिसत राहिली.

पुढं दीड महिना भिवराबाईनं मोळ्या बांधल्या. उसाच्या हिरव्या शेंड्याचा, वाढ्याचा पीळ घालायचा, गुडघा टेकून आवळायचं, डोक्यावर चुंबळ ठेवून फळीवरून ट्रकात चढायचं. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी तिला बसता येत नसे, बसलं की उठता येत नसे. तरी एक मोळी कमी पडली नाही. गावाकडून निरोप आला होता, पोरगी दूध पिते, अंग धरू लागली आहे. तो निरोप ती मोळीमागं एकदा मनात म्हणायची.

शिवरात्रीच्या पुढच्या दिवशी पंडित मुकादम बांधावरून चालत आला. त्याच्या हातात राधाकिशनांची चिठ्ठी होती. धर्मराज ट्रकावर ऊस रचत होता. पंडितनं त्याच्याकडं पाहिलं आणि मोळी बांधत बसलेल्या भिवराबाईपाशी येऊन उकिडवा बसला.

"मावशी, लेकरू गेलं. दोन दिस ताप व्हता. दवाखान्यातच व्हती, पण..."

भिवराबाईचे हात थांबले.

"शेवटाला मुकुट बसत व्हता का तिला? घट्ट झालता का, न्हाई?"

पंडितला काही कळलं नाही. "त्यात न्हाई लिवलं, मावशी. धर्मराजला हाक मारू?"

"आत्ता नगं." तिनं ट्रकाकडं पाहिलं. धर्मराज वर उभा राहून कुणाशी तरी थट्टा करत होता, मोठ्यानं हसत होता. खूप दिवसांनी हसत होता. "वरून पडंल. गाडी भरू दी. मग मी सांगते."

"माय, आण की गं! किती वेळ?" वरून धर्मराजची हाक आली.

"आले, आले," ती म्हणाली. तिनं पीळ आवळला, गुडघा काढला आणि पंडितला मोळीची एक कड धरायची खूण केली. त्यानं मोळी तिच्या डोक्यावर चढवली. मान ताठ करून ती फळीकडे निघाली.