दाराशी ठेवलेला जबडा

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. हसू नका. सरोवराकाठच्या किसुमू शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात माझा जन्म झाला.

ज्यांच्या तोंडावरून मी घडलो ते ओगोला आजोबा सरोवरावरचे कोळी. त्यांच्या पिढीत मोठं झाल्याची खूण म्हणून खालचे पुढचे सहा दात लहानपणीच काढायची रीत होती. नातीच्या लग्नाआधी लेक अकुमू त्यांना कवळीसाठी घेऊन आली.

"सहा दात देऊन मी मोठा माणूस झालो. आता ते परत लावून मला पोर करतेस होय गं?"

"लावा हो बाबा, फोटोपुरते!"

कवळ्या बनवणाऱ्या अडेराबाईंनी दोन्ही जबड्यांचं माप घेतलं, त्यात प्लास्टर ओतलं आणि मी झालो. वरचा डावा सुळा आडवा वळलेला, हुबेहूब आजोबांचा. "काय सुबक उतरलाय!" म्हणत बाईंनी माझ्या तळाशी नाव कोरलं. कवळी मात्र आजोबांनी आठवड्यातच शिंकताना सरोवरात घालवली.

वर्षं गेली. फळीवर जागा पुरेना, तेव्हा दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवलं. धक्के खाऊन माझी उजवी दाढ उडाली.

मग एकदा आजोबा ज्या होडीत होते ती सरोवरात उलटली. फार दिवसांनी दोन म्हाताऱ्यांची प्रेतं सापडली, पण चेहरे ओळखू येईनात. एका घरचे लोक शवपेटी घेऊनच शवागारात आले आणि त्यांनी एकाला तीत ठेवलंही.

"खालचे सहा दात नाहीत. हेच आमचे आजोबा!"

"अहो, त्या वयाच्या कुणाला असतात ते?" अकुमू ओरडली. "त्या दुसऱ्यांनाही नाहीत, बघा तरी! माझे बाबा परक्या अंगणात पुराल!"

ती धावत दवाखान्यात आली. अडेराबाईंनी मला उचललं, एप्रनने पुसलं. "काय केलं मी हे, दाराशी ठेवलं याला!"

शवागारात पोलिसांच्या दंतवैद्यांनी मला पेटीतल्या म्हाताऱ्याच्या दातांशेजारी धरलं. त्यांचं बोट माझ्या तुटक्या जागेवर थांबलं. अकुमू पुढे वाकली. मग बोट डावीकडे सरकलं.

"सुळा बघा. तेच वळण, शेजारी तीच फट. हे ओगोलाच."

पेटीवाल्यांच्या थोरल्याने टोपी काढली. "चुकलं, ताई. आता आमच्या आजोबांच्या दातांचे कागद कुठे शोधू?"

अकुमूने माझ्या सुळ्यावरून बोट फिरवलं. "हसले की हाच आधी दिसायचा." मग ती बाबांना घरच्या अंगणात पुरायला घेऊन गेली.

हल्ली मी खिडकीजवळच्या फळीवर असतो. मित्रांनो, दातांची मापं, कार्डं अडगळ म्हणून टाकू नका. चेहरा हरवला तरी माणसाला घरी पोचायचं असतं.

आणि दाराला दगड लावा. दगड पुष्कळ मिळतात.