घोळीवरचं पाखरू

भिवाच्या शब्दावर खडवलीत कुणी छत्रीसुद्धा उघडत नसे. भातसेच्या पुरात मासा आंब्यावर चढला नि उतरताना दोन आंबे घेऊन गेला, हे त्याने शपथेवर सांगितलेलं. त्यामुळे घोळीच्या वाफ्यावरचं काळं पाखरू नि पिवळं पाखरू एकाच आईची लेकरं, असं तो म्हणाला तेव्हा बायको गोदाने भाजी निवडता निवडता विचारलं, "आंबे नेले का त्यांनी?"

गोदाची भाची कल्पिता कोपरहून आलेली. कॉलेजसाठी ती फुलपाखरांची यादी करत होती. तिने मोबाइलवर वाफ्यातच काढलेला पिवळ्याचा फोटो दाखवला. "काका, हा बिबळ्या कडवा. काळा तो छोटा चांदवा. जातीच वेगळ्या आहेत."

"कडवा रुईवर अंडी घालतो गो. ही बया घोळीवर घालते. मी बघितलंय."

"मासा पण तुम्हीच बघितलेला," गोदा म्हणाली.

ते लागलं. सत्तर वर्षांत एकदा खरं बोलावं आणि तेच कुणाला पटू नये? भिवाने अंड्यांसकट घोळीची काडी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली, वर फडकं बांधलं. अळ्या निघाल्या, विकायच्या जुड्या फस्त करू लागल्या. साक्ष बिघडू नये म्हणून त्याने महिनाभर एक थाप मारली नाही. गोदाने दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

कोष काळवंडले तसा त्याने कल्पिताला फोन केला. तिच्यासमोर पहिलं निघालं ते काळं, पंखांवर पांढरे चांद. दुसरं निघालं पिवळं. कल्पिताने फोटो शेजारी धरला. कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. बरणीतल्या पाखराला कडेला एकच होता. फोटोतल्यालाही एकच.

"म्हणजे मी नोंदवलेला कडवा नव्हताच," ती हळूच म्हणाली. "ही चांदव्याची मादी. कडवा कडू म्हणून पक्षी त्याला सोडतात, तर ही त्याचं सोंग घेऊन फिरते."

"सोंगावर जगणारं एक माझ्या ओळखीचं आहे," गोदा म्हणाली.

कल्पिताने कडवा खोडला, मादी लिहिली, पुढे लिहिलं: 'प्रथम निरीक्षण, भिवाकाका, खडवली.' भिवाने ते दोनदा वाचून घेतलं.

"आता त्याच्याखाली मासा लिही," तो म्हणाला. "आंबे दोनच हां, वाढवू नको."