चढता हात

गिटार शिकायला येणाऱ्या शंभरांतल्या नव्याण्णवांना गिटार शिकायचीच नसते, त्यांना गिटार हातात घेतलेला फोटो हवा असतो. हे मी रागाने बोलत नाही, सहा वर्षांच्या अनुभवाने बोलतो. सहा वर्षांपूर्वी मी रोह्याजवळच्या वरसे गावात माझ्या घरावर 'नझीर मास्तर, गिटार क्लास' अशी पाटी लावली आणि तेव्हापासून रोह्यातल्या यच्चयावत रिकामटेकड्यांना आमचं दार सापडलं. डोलवीच्या कंपनीतला एक इंजिनियर आला. त्याला लग्नाच्या वाढदिवसाआधी एकच गाणं पाठ हवं होतं, तेही बायकोला कळू न देता. एक बँकेतले साहेब आले. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, बोटं दुखणार नाहीत अशी गिटार मिळते का? मी म्हटलं, मिळते, भिंतीला टांगायची.

सगळ्यांना लीड वाजवायचं असतं. म्हणजे बारीक तारांवर टुणटुण करत मान हलवायची. मागे बसून ठेका आणि कॉर्ड (तीन-चार सूर एकदम छेडलेले) धरायचे, म्हणजे ऱ्हिदम, ते कुणालाच नको.

माझं सगळं आयुष्य मात्र त्या ऱ्हिदममध्ये गेलं. बहारीनच्या एका हॉटेलात मी एकोणीस वर्षं बँडमध्ये होतो. गावातले लोक समजतात, नझीर तिकडे स्टार होता. कसला स्टार! मी ड्रमवाल्याच्या शेजारी, एका खांबाच्या आड उभा असायचो. पुढे दिव्याखाली लीडवाला. टाळ्या त्याला, आणि तो ज्या जमिनीवर उड्या मारायचा ती जमीन मी धरून ठेवलेली. आठवड्यातून दोनदा आम्ही ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, वाजवायचो. तीन कॉर्ड, संथ चाल, एक लांब ठोका आणि एक आखूड, पायात काटा मोडलेल्या माणसासारखी. त्या खांबाआड उभं राहून मी मनातल्या मनात माझी एक धून बांधली. ती कधी कुणाला ऐकवली नाही, कारण ऱ्हिदमवाल्याला कोण पुढे बोलावतो?

ती धून एकदा, मरण्याआधी एकदा, नीट वाजवायची एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मागे कुणीतरी ऱ्हिदम धरायला हवा. मोबाइलवर साथ लावूनही पाहिली. पण यंत्राबरोबर वाजवणं म्हणजे भिंतीसमोर बसून जेवणं. गिळलं जातं, चव लागत नाही.

अशात एका रविवारी पेणहून एसटीने जगन आला. चाळिशीचा, हडकुळा, नखांत रंग. पेणला गणपतीच्या कारखान्यात तो मूर्तींचे डोळे आखतो. शिवाय वडखळजवळच्या त्याच्या गावात, भजनी मंडळात बापानंतर मृदंगावर हाच बसायचा.

"काय शिकायचाय?" मी विचारलं.

"ता पुढं मोठ्यानं वाजतं ना, ता नको. त्याच्या मागं जा हळूहळू चालतं, ता शिकवा."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण सवयीप्रमाणे मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "बोटं दाखव."

कॅलेंडरच्या पाठीमागे मी त्याला तक्ता काढून दिला. चार मात्रांचं एक घर, अशी बारा घरं. पहिली चार ई कॉर्डची. मग दोन ए. परत दोन ई. मग एक बी सेव्हन, एक ए, शेवटची दोन ई, आणि पुन्हा पहिल्यापासून. बस. एवढंच आहे ब्लूज. आणि एवढंच भल्याभल्यांना जमत नाही.

जगनलाही जमेना. पाचवं घर आलं की गडी थांबायचा, बोटं एकेक करून ए कॉर्डवर बसवायचा, मान डोलवून खात्री करायचा आणि मग पुढे निघायचा. एसटी जणू त्याच्यासाठी थांबणार होती! "अरे, तू आलास की नाय ते बघायला पाचवं घर थांबत नाय," मी ओरडायचो. "बोट चुकलं तरी चालंल. वेळ चुकता कामा नये. चौथं घर सरायच्या आतच बोटांना उठव." बी सेव्हनला तर त्याची बोटं अशी अडकायची की बघवत नसे. शेकडो मूर्तींचे डोळे आखताना ज्याचा हात हलत नाही, त्याला चार बोटं एका वेळी ठेवता येऊ नयेत?

चार महिन्यांनी कॉर्ड बसले. आणि मग खरा रोग बाहेर आला. पहिली बारा घरं छान. दुसरी छान. तिसऱ्या फेरीला गड्याचा हात चढायचा. लय वाढायची, मान हलायला लागायची, चौथ्या फेरीला तर घोडं उधळलेलं. दोष त्याचा नव्हता, भजनाचा होता. भजनात बुवा एकच ओळ घोळवतो, मृदंग चढतो, त्याच्यामागे टाळ चढतात, शेवटी सगळे घामाघूम झाले की भजन रंगलं म्हणायचं. आमच्याकडच्या कव्वालीचंही तेच. सगळ्या कोकणाला घाई झालेली. ब्लूज त्याने मरतं. ब्लूजमध्ये माणूस कितीही कळवळला तरी पाय तिथेच राहिला पाहिजे.

"धावू नको!" हे दोन शब्द मी त्या वर्षात किती वेळा बोललो असेन, देव जाणे. माझी बायको हमिदा स्वयंपाकघरातून वैतागून म्हणायची, "तो जागच्या जागी बसलाय, तुमीच त्याच्यामागं धावताव." शेवटी मी एक उपाय काढला. त्याच्यासमोर खुर्ची टाकायची आणि त्याच्या ताल धरणाऱ्या पायावर माझा पाय ठेवायचा. माझा पाय उचलेल तेव्हाच त्याने उचलायचा. लय वाढली की मी दाबायचो. सहा महिने त्याचा पाय माझ्या पायाखाली होता. पण हात जागेवर आला. मागच्या श्रावणापर्यंत तर असा आला की दहा फेऱ्या झाल्या तरी तसूभर हलत नव्हता. मला अभिमान वाटला. अर्थात, मी तो दाखवला नाही.

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी तो आला तो गिटारीला हातच लावेना.

"मास्तर, मंडळातनं काढला मना."

झालं होतं असं की शेवटच्या गजराला मंडळाचे बाबाजी बुवा चढले, टाळ चढले, आणि मृदंगावर जगन ढिम्म. सगळे पुढे निघून गेले, हा मागे आपल्या चालीने चालतोय. अर्ध्या गावासमोर भजन कोसळलं. बुवांनी तिथल्या तिथे मृदंग उचलून दुसऱ्याच्या मांडीवर दिला.

मी पोट धरधरून हसलो. "बरा झाला. सुटलास."

जगन हसला नाही. "तो मृदंग माझ्या बापाचा हाय, मास्तर. मी चढायला बघतो. हातच चढत नाय." मग जरा थांबून म्हणाला, "येक दिवस पेणला या. बुवांना आपण वाजवून दाखवू. माझा हात बिघडला नाय, ह्ये त्यांना कळू दे."

खरं सांगतो, मी जगनसाठी हो म्हटलं नाही. ऐकायला चार माणसं, मागे जगनचा ऱ्हिदम, आणि पुढे खांब नाही! माझ्या धुनेला आणखी काय हवं होतं?

पेणचा कारखाना गणपतीनंतर ओकाबोका असतो. रिकाम्या फळ्या, कोपऱ्यात साचे, जमिनीवर पांढरी धूळ. दुपारी बाबाजी बुवा मंडळातल्या चौघांना घेऊन आले. दोघांच्या हातात टाळ होते. कशाला आणले होते कोण जाणे, या लोकांना टाळांशिवाय हात मोकळे वाटत असावेत. बुवांनी सतरंजीवर बैठक मारली आणि तपासनीसासारखे माझ्याकडे बघत राहिले.

जगनने चार मोजले आणि सुरू केलं. लांब, आखूड, लांब, आखूड. मी डोळे मिटले आणि माझी धून काढली. एकोणीस वर्षं गिळलेली धून ती, पहिल्या फेरीलाच मोकळी बाहेर आली. पाचव्या घरात ए येतो तिथे तिने कसं वळायचं हे मी खांबाआड ठरवलं होतं, आणि ती तशीच वळली. दुसऱ्या फेरीला बुवांची मान डोलली. तिसऱ्या फेरीला टाळ वाजू लागले. बरोबर चुकीच्या मात्रेवर, पण वाजू लागले. माझ्यासाठी! एक जण "वा मास्तर" म्हणाला. मी मान हलवली. टाळ जरा वाढले. मीही जरा वाढलो.

पाहता पाहता मी ए वर वळलो, तर मागे अजून ई च चाललेला. काय करतोय हा गाढव, म्हणून मी डोळे उघडले. जगन खाली मान घालून आपल्या चालीने चाललेला. मी डोळे वटारले, ये, चल, अशी खूण केली. तो आला नाही. थांबलाही नाही. वाजवता वाजवताच त्याने खुर्ची पुढे सरकवली, आपला पाय माझ्या पायावर ठेवला आणि दाबला.

"मास्तर, धावू नका."

हळूच म्हणाला होता. पण रिकामा कारखाना, सगळ्यांनी ऐकलं. टाळ बंद पडले. मी कानापर्यंत तापलो. उठून निघून जावं असं मनात आलं, पण पाय त्याच्या पायाखाली होता. मी थांबलो. त्याची बारा घरं संपेपर्यंत गप्प बसलो, पहिल्या घराला त्याने मान हलवली, तेव्हा पुन्हा शिरलो. ती एक फेरी मी नीट वाजवली. माझ्या आयुष्यात ती धून नीट वाजली ती तेवढी एकदाच, आणि ती जगनने वाजवून घेतली.

कुणी टाळी वाजवली नाही. बाबाजी बुवा सतरंजीवरून उठले, धोतर झटकलं.

"जगन्या, तुझा हात पक्का हाय, पण आता तो आमच्या कामाचा नाय. बापाचा मृदंग घरी घेऊन जा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हात तुमचा मात्र झ्याक चढतो. तुमी या आमच्यात."

सगळे हसले. जगन नाही हसला. मृदंग त्याला मिळाला, पण वाजवायला नाही, नुसता ठेवायला. त्याचा चढता हात मी वर्षभर रागावून, ओरडून, पायाखाली दाबून काढून घेतला होता आणि माझा स्वतःचा तसाच ठेवला होता. एकोणीस वर्षं शेजारी ड्रमवाला लय धरून होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच. मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी सगळ्यांना हसलो, त्यातलं निम्मं हसू मी स्वतःसाठी राखून ठेवायला हवं होतं.

पुढच्या रविवारी तो येणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण नेहमीच्या एसटीने तो आला. चहा प्यायला, गिटार मांडीवर घेतली, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि आपला पाय माझ्या पायावर ठेवला.

"मोजा, मास्तर."

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार.