डेस्कटॉपवरचं पुस्तक

घरात त्याला सगळे इंजिनियर म्हणत. शिक्षणाने तो इंजिनियर नव्हता, चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात कामाला होता. पण नळ गळो, इस्त्री रुसो की टीव्हीला मुंग्या येवोत, हाक त्यालाच. आणि हाक आली की त्याची छाती दोन इंच फुगते, असं त्याची बायको म्हणायची.

कारखान्यातल्या एका बाईंच्या कॉम्प्युटरने मान टाकली आणि त्यांच्या मुलीचे बाळपणापासूनचे फोटो गेले. ते ऐकून इंजिनियरने मनावर घेतलं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये नुसता बाजार मांडलेला होता. विजेची बिलं, गाणी, 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन' आणि एक 'हेच खरं'.

"सगळी डिस्क पुसायची आणि तिचे दोन भाग करायचे," रविवारी सकाळी चहा घेताना त्याने समजावलं. "एका भागात कॉम्प्युटरची सिस्टीम, दुसऱ्यात आपलं सामान. उद्या सिस्टीम बिघडली तरी सामानाला धक्का नाही. आणि बॅकअप घ्यायचा तर दुसरा भाग उचलायचा, बाहेरच्या डिस्कवर ठेवायचा. झालं."

"माझं तेवढं बघ हं," बाबा म्हणाले.

"हो हो."

बाबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांच्या हकिकती लिहायला बसले. एका बोटाने टाइप करत तीन वर्षांत एकशे चाळीस पानं झाली होती. अडकलेल्या दोन तासांत स्वेटरची अख्खी बाही विणून काढणारी बाई त्यात होती आणि एकमेकांशी सहा वर्षं न बोललेले दोन सख्खे भाऊही होते. कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर समोर दिसावी, म्हणून बाबांनी ती फाइल डेस्कटॉपवरच ठेवली होती.

इंजिनियरने बाहेरच्या डिस्कवर फोटो कॉपी केले, कागदपत्रं केली, गाणी केली. डेस्कटॉप करायचा राहिला. मग त्याने डिस्क पुसली, नवी सिस्टीम टाकली, फोल्डरांना सुरेख नावं दिली आणि बायकोला बोलावून दाखवलं.

सोमवारी तो कामावरून आला, तर बाबा कॉम्प्युटरसमोर बसलेले. "अरे, माझं पुस्तक दिसत नाही."

काय झालं ते त्याला त्याच क्षणी कळलं. आणि तोंडातून निघून गेलं, "सकाळी तुम्ही काही दाबलंत का? चुकून डिलीट झालं असेल."

बाबांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "दाबलं असेन बुवा. आठवत नाही."

वाक्य परत घ्यायला तेव्हा फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने शोधायचं नाटक केलं. उद्या सांगू, असं ठरवलं. आणि उद्याचं परवावर गेलं.

त्या आठवड्यात घरात चिठ्ठ्या दिसू लागल्या. गॅसजवळ 'बंद केला का?', दारावर 'किल्ली'. लिहिणारे बाबाच. चष्मा कुठे ठेवला ते ते सुनेला दोनदा विचारत आणि तिने सांगितलं की ओशाळं हसत. कॉम्प्युटरला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

"बाबांना एकदम काय झालंय?" बायकोने विचारलं. तो ताटातली भाजी इकडून तिकडे करत राहिला.

दहाव्या दिवशी न राहवून तो कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पुसल्यानंतर कॉम्प्युटर वापरलात?"

"रोज. मुलीचा अभ्यास, गाणी..."

"मग त्यावर रोज नवं लिहिलं गेलं. लगेच बंद करून आणला असता, तर बरंच हाती लागलं असतं. आता बघते, पण भरवसा देत नाही."

म्हणजे पुस्तक एकदा त्याच्या विसरण्याने गेलं होतं, आणि मग रोज थोडं थोडं त्याच्या खोटेपणाने गेलं होतं. कॉम्प्युटर तिथेच ठेवून तो दुकानाच्या पायऱ्या उतरला.

घरी आला तर बाबा शर्टाला इस्त्री करत होते. "उद्याची वेळ घेतलीय. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची. तू येशील ना बरोबर?"

तो गेला. वेटिंग रूममध्ये नर्सने फॉर्म दिला. बाबांनी तो त्याच्याकडे सरकवला, म्हणून पेन त्याने घेतलं. 'विसरभोळेपणा पहिल्यांदा कधी जाणवला?' असा प्रश्न होता.

"लिही, पुस्तक माझ्या हातून गेलं त्या दिवशी," बाबा हळूच म्हणाले. "आणि हे बघ, फार वाढलं तर सूनबाईच्या गळ्यात नका टाकू मला. काहीतरी सोय बघा."

पेन कागदावर टेकलं, पण पुढे सरकेना.

"बाबा, तुम्ही काही नाही दाबलं. मी पुसलं. डेस्कटॉप कॉपी करायला विसरलो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

शेजारच्या आजींनी मासिकातून मान वर केली. बाबांनी त्याच्या हातातून फॉर्म काढून घेतला. म्हणाले, "पुस्तकाचं राहू दे. अकरा दिवस मी समजत होतो, मी संपत आलोय. आंघोळ करताना स्वतःलाच पाढे म्हणून दाखवत होतो रे."

"चुकलो, बाबा."

"हो, चुकलासच." त्यांनी फॉर्मची घडी केली, खिशात घातली आणि नर्सला सांगितलं, "आमचं आता इथे काम नाही, बाई." घरी पोचल्यावर गॅसजवळची चिठ्ठी त्यांनी आधी काढली.

बायकोला त्याने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती भांडली नाही. "मी त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलत होते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुकानातून एकतीस पानं परत आली, मधली मधली, काही अर्ध्या वाक्यात तुटलेली. त्याने ती छापून बाबांच्या टेबलावर ठेवली. "तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"नको. तू नको."

बाबांनी नव्याने सुरुवात केली, त्याच एका बोटाने. बॅकअप कसा घ्यायचा ते ते नातीकडून शिकले. बाहेरची डिस्क त्यांच्या कपाटात असते, किल्ली त्यांच्याकडे. त्या दोन भावांची हकिकत आधीपेक्षा चांगली उतरलीय, असं त्यांनी सुनेला सांगितलं. तिच्याकडूनच ते इंजिनियरला कळलं. त्याला अजून कुणी वाचायला दिलेली नाही, आणि मागायचा धीर त्याला होत नाही.